कुटलेली गोळी

लकव्यानंतर बाबांना गोळी गिळता येईना. घशात अडकायची, मग ठसका, मग डोळ्यांत पाणी. उभी हयात पोलादाच्या प्लांटात काढलेला माणूस वाटाण्याएवढ्या गोळीपुढे हात टेकतो, हे मला बघवत नव्हतं. म्हणून मी शक्कल लढवली. सकाळची बीपीची गोळी खलबत्त्यात कुटायची, गुळाच्या पाण्यात कालवायची आणि चमच्याने भरवायची. नेहरू नगरातल्या शेजारणींनाही ही युक्ती मी ऐटीत सांगून आले.

गोळीच्या नावापुढे दोन इंग्रजी अक्षरं होती. मला ती दिसली नाहीत असं नाही. पण भिलाईत प्लांटातल्या प्रत्येक खात्याला अशी दोन-तीन अक्षरं चिकटलेली असतात. जन्म इथं गेला की त्यांचा अर्थ विचारायची सवयच राहत नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "लय कडू लागून राहिली वं बेटा. आधी नव्हती लागत."

"औषध आहे ते, पेढा नाही," मी खेकसले आणि गूळ वाढवला.

त्याच आठवड्यात एका सकाळी, चमचा भरवून तासभर झाला असेल, ते मोरीकडे निघाले आणि दारातच कोसळले. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी दोनदा बीपी तपासलं आणि गोळी कशी देता, असं विचारलं. मी सांगितलं. सांगतानाही थोडी ऐट होतीच.

"ये पीसने की गोली नहीं है, मैडम."

मग त्यांनी समजावलं. ही गोळी पाण्यात टाकलेल्या डिंकासारखी पोटात फुगते आणि औषध दिवसभर थोडं थोडं सोडते. कुटली की दिवसभराचं औषध एकदमच रक्तात उतरतं, बीपी घसरतं, माणूस चक्कर येऊन पडतो. ती दोन अक्षरं हेच सांगत होती. गिळता येत नसेल तर दुसरं औषध मिळतं, फक्त विचारायचं, असंही ते म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

ऑपरेशननंतर बाबा पुन्हा उभे राहिलेच नाहीत. चार महिने पलंगावर होते. चादर बदलताना दर वेळी म्हणायचे, "पाय घसरला माह्या. पाहून चालाले पायजे होतं. तुले फालतूचा तरास."

आज सांगायचंच, असं मी रोज ठरवायची आणि रोज गप्प बसायची. सांगितलं तर पुढचा घास बाबा माझ्या हातून घेतील का, या भीतीने माझी जीभ उचलत नसे. भित्री होते मी, दुसरं काय.

शेवटच्या सकाळी त्यांनी माझा हात धरला. "माह्यानं तुले लय तरास झाला बेटा. माफ कर मले."

आणि मी म्हटलं, "केलं, बाबा."