विहिरीवरून एकदाच येणारी हाक

आमची विहीर खोल आहे. किती, तर वरून दगड सोडावा, घरी जाऊन दोन भाकरी खाव्यात आणि परत येऊन त्याचं ‘डुबुक’ ऐकावं. यात फार तर एक भाकरी मी वाढवली असेल. सात घरांची भावकी, एक विहीर, एक मोटार आणि पाण्याच्या सात पाळ्या. मोटार लावायला थेट खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात तिथवर तंगडतोड करावी लागायची, म्हणून मी एक वेबपेज केलं. मोबाईलवर नाव आणि पासवर्ड टाकायचा, बटण दाबायचं, मोटार सुरू. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं काढलेल्या पोरानं निदान एवढं तरी करावं, असं भावकीचं मत होतं.

पेज करणं सोपं, त्याचं दार राखणं अवघड. त्यासाठी तयार फ्रेमवर्क मिळतं, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रॅम. ते आधी सगळी दारं लावून घेतं, मग आपण एकेक उघडायचं: आलेला कोण हे कसं ओळखायचं आणि ओळख पटल्यावर त्याला काय करू द्यायचं. ज्याची पाळी त्याला बटण, बाकीच्यांनी नुसतं बघायचं, असं मी ठेवलं. बटण कायमचं फक्त तात्यांना. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. विहिरीच्या तळाशी पाइपाच्या तोंडाला जाळी असते, तिच्यातलं शेवाळ तेच उतरून काढायचे आणि वर येऊन मोटार लावून बघायचे.

त्यांना पेज दाखवलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

“पयल्या हाकेला उघडतं का रं ह्ये?”

“पासवर्ड बरोबर असला की उघडणारच ना, तात्या.”

“मग न्हाई चालायचं. आपल्यात पयल्या हाकेला कोन ओ देतं? ती एकदाच हाक मारती. तिसऱ्यांदा मारल ते मानूस.”

ती म्हणजे कोण, हे विचारायचं नसतं. आमच्या आळीत तिसऱ्या हाकेशिवाय कुणी ओ देत नाही. पोस्टमनच्या मते गावात सगळ्यात जास्त बहिरे इथेच राहतात.

मी हसलो, पण तात्यांचा हिस्सा सगळ्यात मोठा. फ्रेमवर्कच्या तपासणीत मी माझा एक नियम घुसडला. पासवर्ड बरोबर असला तरी पहिल्या दोन वेळा ‘पुन्हा प्रयत्न करा’; पाच मिनिटांत तिसऱ्यांदा आला तरच आत. असलं लॉगिन जगात कुणी केलं नसेल, आणि शहाण्यानं करूही नये.

भावकी वैतागली. धाकटा चुलतभाऊ म्हणाला, “राव, मोटार लावतोय का निका? तीन तीनदा कबूल म्हनायला लावतंय.”

त्याचंही खरं होतं. मी नियम काढून टाकायचं ठरवलं. नवं पेज तयार केलं आणि चढवण्याआधी जुन्या लॉगिनच्या नोंदी चाळायला बसलो.

सगळे तीन तीनदा आलेले. शिव्या नोंदीत उतरत नाहीत, पण दोन प्रयत्नांमधल्या सेकंदांवरून कळतात. त्यांच्यामध्ये एक वेगळी ओळ होती. तात्यांचं नाव, पासवर्ड बरोबर, ‘पुन्हा प्रयत्न करा’. पुढे काहीच नाही. अशा चार ओळी सापडल्या. मी दिवस जुळवले. चारही दुपारी तात्या विहिरीत होते आणि त्यांचा मोबाईल वर, सदऱ्याच्या खिशात.

ओळ कुठून आली, त्याचा पत्ताही नोंदीत असतो. चारही ओळींचा पत्ता मी विहिरीवर मोटारीला जोडलेल्या पत्र्याच्या डब्याचा निघाला. तो डबा फक्त ऐकतो. हुकूम आला की मोटार लावतो. लॉगिन करायची अक्कल मी त्याच्यात घातलीच नव्हती.

आमची मोटार जुनी, तिचा करंट पाण्यात उतरतो. पहिल्या हाकेला ती लागली असती तर तात्या वर आले नसते.

पुढच्या खेपेला ते उतरायला निघाले तेव्हा मी लॅपटॉप घेऊन काठावर बसलो.

“मोटारीचा फ्यूज काढून ठेवू का, तात्या?”

“आधी काढायचो. आता तुझं कुलूप हाय की.”

ते उतरले. त्यांचा मोबाईल बंद करून मी मांडीखाली घेतला. ऊन डोक्यावर, शिवारात चिटपाखरू नाही. लांबवर त्या तबकड्या सगळ्या एकदम, फार सावकाश, आमच्याकडून तोंड फिरवत होत्या. खालून जाळी खरवडल्याचा आवाज येत होता. तो थांबला आणि स्क्रीनवर ओळ उमटली. तात्यांचं नाव. पासवर्ड बरोबर.

मी धावत जाऊन मोटारीचा फ्यूज उपटला आणि पाच मिनिटं श्वास रोखून उभा राहिलो. यातलं एकही मिनिट वाढवलेलं नाही. दुसरा प्रयत्न आला नाही.

तात्या वर आले. त्यांनी ती ओळ वाचली.

“किती येळा?”

“एकदाच.”

 मला तोंड फिरवायला लावून त्यांनी स्वतः नवा पासवर्ड टाकला. पुढच्या वेळी ते खाली असताना पुन्हा ओळ आली. नवा पासवर्ड, तोही बरोबर.

“माजं नावच काढ त्यातनं,” तात्या म्हणाले.

“मग मोटार?”

“तू लावशील की. मी इचारीन तुला.”

जन्मात कुणाला विचारून काही न केलेला माणूस हे म्हणाला. मी नाव काढलं. नियम तसाच ठेवला. भावकीला नोंदी दाखवल्यापासून कुणी कुरकुरत नाही. धाकटा चुलतभाऊ तर खात्रीसाठी चौथ्यांदाही बटण दाबतो.

विहिरीत मला उतरू द्यायला तात्या तयार नाहीत. तुझे हात बटणं बडवायचे, जाळी घासायचे न्हाईत, म्हणतात. ते उतरतात आणि त्यांच्या नावाची ओळ अजून येते. आता तिच्यापुढे एवढंच असतं: असा वापरकर्ता नाही.

हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ते खाली असतात तोवर फ्यूज मुठीत घेऊन काठावर बसतो आणि खरवडण्याचा आवाज ऐकत राहतो.