हरवलेल्या आजीची ओवी

माझी शाळा सुटणार, हे त्या साली जवळजवळ ठरलंच होतं. इंग्रजांचं राज्य होतं, वाशीमजवळ आमचा भाजीपाल्याचा मळा होता, आणि मुलीनं चौथीपुढं शिकावं असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. त्यात आमच्या बाईंनी शाळेत मुलींचं सेवापथक काढलं. शनिवारी आम्ही कवायत करायचो, जखमेला पट्टी बांधायला शिकायचो, गाणी म्हणायचो आणि देवीच्या जत्रेत पाणपोई चालवणार होतो. बाबा भडकले. "लोकाईले पाणी पाजाले शाया कायले पायजे?" बाईंनी घरी येऊन विनवलं तेव्हा म्हणाले, "देवीच्या जत्रेत माहं भाजीचं दुकान रायते. तुमच्या पोरी काय दिवे लावतात ते पायतो, मंग ठरवतो." तेव्हापासून मी रोज देवीपुढं रडायचे. आई, माझी शाळा वाचव, एवढंच मागायचे.

जत्रेच्या दिवशी दुपार कलल्यावर एक म्हातारी आमच्या पाणपोईशी येऊन मटकन बसली. गर्दीत सुनेचा हात सुटला होता. घाबरून तिला गावाचं नावच आठवेना. मुलाचं नाव विचारलं तर "बाप्या" म्हणाली. अशा बाप्यांनी तर सगळी जत्रा भरली होती! गाड्या जुंपायला लागल्या होत्या. समोरच्या दुकानातून बाबांनी टोमणा मारला, "झाली का सेवा?"

आजीला धीर यावा म्हणून माझ्या मैत्रिणीनं जात्यावरची ओवी धरली. रडता रडता आजी थबकली. "अशी नाई म्हनत वं, माय," म्हणाली आणि स्वतःच गाऊ लागली. शेवटचं अक्षर लांबवून ती एकदम खाली उतरायची. अशी चाल आमच्या गावात कुणाचीच नव्हती. मला वाटलं, हिच्या गावच्या बाया ही चाल लाखात ओळखतील. बाईंना सांगितलं, त्यांनी मान डोलावली. निघताना देवळाच्या कळसाकडं पाहिलं आणि मनात म्हटलं, आई, माझ्या शाळेचं राहू दे, आधी हिचं घर दाखव.

कवायतीच्या रांगेत, आजीला मध्ये घेऊन, तिच्याच चालीत ओवी म्हणत आम्ही गाड्यांमधून फिरलो. लोक खो खो हसले. मैदान संपलं तरी कुणी ओळख दिली नाही. गळे बसले होते, तरी आम्ही तशाच गावाबाहेर रस्त्याला लागलो. तिथं एक गाडी अडकून पडली होती आणि तिच्या आडून एका बाईनं ओवीची पुढची ओळ उचलली, तशीच लांबवून, तशीच खाली उतरवून!

ती आजीची सून होती. माणसं आसेगावकडची. सासू पुढच्या गाडीत बसली असं समजून निघाली होती, आणि नेमकी तिथं चाकाची खीळ निसटली. ती का निसटली, मी कधी कुणाला विचारलं नाही. मोठाल्या मिशांचा बाप्या आईच्या गळ्यात पडून रडला. आम्ही मुलींनी असा जयजयकार केला की बैल बुजले.

मागं वळले तर बाबा. दुकान टाकून आमच्या मागोमाग आले होते. काखेतली वांग्यांची टोपली त्यांनी गाडीत ठेवली आणि बाप्याला म्हणाले, "गावात सांगजा, हे माही पोरगी हाय. शायेत जाते."

पुढं मी शिकले, शिक्षिका झाले, दरवर्षी माझ्या मुलींना जत्रेत सेवेला नेत राहिले. त्या दिवशी मी माझं मागणं सोडून दिलं होतं. देवीनंही ते विसरून जायला हरकत नव्हती. ती विसरली नाही.