चौदा मुद्द्यांचा व्हँपायर

मुळगावात गोकुळदास गावस घरोघरी जाऊन रक्त काढतो. साखळी शहरातल्या एका लॅबचा तो टेक्निशियन. सकाळी साडेसहाला तो पहिल्या दारात उभा असतो, आणि कोणी 'ये' म्हटल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. हा लॅबचा नियम नाही, त्याचा स्वभाव आहे.

जत्रेच्या नाटकात तो बावीस वर्षं द्वारपाल होत आला होता. हातात भाला, वाक्य एकच: "महाराजांचा विजय असो." यंदा त्याने स्वतःच नाटक लिहून आणलं आणि मुख्य भूमिका स्वतःकडे ठेवली. भूमिका व्हँपायरची होती.

नाट्यमंडळाचे अध्यक्ष कृष्णनाथ म्हणाले, "हो टीव्हीवरून उचललेलो आसा."

गोकुळदासने वही उघडली. कॉमिक्समधले सात व्हँपायर, टीव्हीवरचे पाच. प्रत्येकाची चौदा मुद्द्यांवर तपासणी, रक्ताच्या रिपोर्टसारखी. आरशात दिसतो का, ऊन सोसतं का, लसूण चालते का. कॉमिक्समधला झगा घालतो, टीव्हीवरचा कोट. पण दोघेही चारशे वर्षांचे असून तिशीतले दिसतात आणि दोघांचंही नेमकं लग्न ठरलेल्या मुलीवरच प्रेम बसतं. बारा मुद्दे जुळत होते.

"आता कोणी कोणाचा उचलला ते सांगा," तो म्हणाला. "रावण सगळ्या नाटकांत दहा तोंडांचोच असता. त्याला आपण चोरी म्हणतो?"

कृष्णनाथांनी रावणाचा विचार केला आणि परवानगी दिली. "पण नाटक फसलं तर फुडल्या वर्साक परत भालो."

नाटकात व्हँपायर लसणीने मरत होता. पण जत्रेच्या दिवशी अख्खा गाव शिवराक. मासे सोडाच, कांदा-लसूणही देवळाच्या आवारात येत नाही. लसूण गेली. रक्तही गेलं, त्याऐवजी कोकमाचं आगळ ठरलं. मग मारायचं कशाने? गोकुळदासने वही पाहिली. मुद्दा नऊ: बोलावल्याशिवाय व्हँपायरला घरात शिरता येत नाही. हा बाराही जणांना लागू होता. त्याने शेवट बदलला. नायिका त्याला बोलावत नाही आणि तो दारातच मरतो. मरतानाचं भाषण दोन पानांचं. ते त्याने महिनाभर स्कूटरवर पाठ केलं.

तालमीत नायिका समीक्षा तीनदा चुकली. दारात माणूस दिसला की तिच्या तोंडून "या, बसा" निघायचं.

"अगो, तो तुका मारूक इलोहा!" कृष्णनाथ ओरडले.

"होय, पण दारात उभो आसा ना."

चौथ्यांदा तिने दात आवळून धरले. जमलं.

जत्रेच्या संध्याकाळी मांडव भरला. पुढच्या रांगेत गंगामावशी बसल्या होत्या, साखर तपासून घेणाऱ्या, गोकुळदासच्या दर बुधवारच्या पेशंट. तो दारात आला. हनुवटीवरून आगळ ओघळत होतं. समीक्षा दात आवळून गप्प राहिली. त्याने भाषणासाठी छातीवर हात ठेवला.

"ये रे गोकुळदास, भायर कित्याक उभो?" गंगामावशी म्हणाल्या. "भितर ये. बस."

मागून चार-पाच जणींनीही "ये, ये" म्हटलं.

मुद्दा नऊमध्ये कोणी बोलवायचं हे लिहिलेलं नव्हतं. बोलावणं आलं होतं. गोकुळदास आत आला आणि खुर्चीवर बसला.

"च्या घेतास?" समीक्षाने विचारलं.

कृष्णनाथांनी पडदा पाडला. टाळ्या पुष्कळ पडल्या. पडद्यामागे त्यांनी भाला आणून गोकुळदासच्या हातात दिला.

बुधवारी तो गंगामावशींच्या दारात उभा राहिला. "ये," त्या म्हणाल्या. त्याने दंडाला पट्टा बांधला, सुई घातली, नळी भरली.

"तू मेलंस कसो नाय रे त्या दिसा?"

"तुम्ही बोलावलंत."

"मगे? माणसाक दारात उभो करून ठेवतत?" त्यांनी सुईकडे पाहतच विचारलं, "मरताना काय म्हणणार होतंस?"

त्याने सुई काढून कापूस दाबला. "हात दुमडून धरा. पाच मिनिटं सोडू नका."

मग तो उठला, उंबरठ्याच्या बाहेर जाऊन उभा राहिला, छातीवर हात ठेवला आणि पहिल्या वाक्यापासून मरायला सुरुवात केली. गंगामावशींनी या वेळी त्याला बोलावलं नाही.