आक्काची उत्तरं

कॉलेजातल्या त्या हॉलसमोरून जाताना अजून माझी मान खाली जाते. त्याच हॉलमध्ये मी माझ्या सख्ख्या बहिणीचं हसं केलं.

मी बेळगावात मानसशास्त्र शिकवते. माणसाला स्वतःची किती किंमत वाटते हे मोजणाऱ्या प्रश्नावल्या आपल्याकडं कितपत खऱ्या ठरतात, हा माझा विषय. म्हणजे काय, तर ज्याला त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडायचं! येळ्ळूरच्या थोरल्या आक्कालाही मी सोडलं नाही.

आक्का भाजीचा धंदा करते. मार्केटात तिचा आवाज चढला की दलालसुद्धा नमतं घेतो. कोथिंबीर निवडत निवडत तिनं उत्तरं दिली. ‘मला माझा अभिमान वाटतो’ याला, “न्हाय बाई.” ‘कधी कधी मी अगदीच बिनकामाची आहे असं वाटतं’ याला, “व्हय. लिही.” गुण इतके कमी पडले की मला हसूच आलं. आमच्याकडं स्वतःच्या तोंडानं स्वतःचं कौतुक करणं म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा. मला वाटलं, सापडलं! ही प्रश्नावली आत्मसन्मान मोजतच नाही, आमच्या बायकांची कमीपणा घ्यायची सवय मोजते.

मागच्या महिन्यात कॉलेजात त्यावर बोलले. आक्काला हौसेनं बोलावलं होतं. इस्त्रीची साडी नेसून ती मागच्या रांगेत बसली होती. आणि मी शहाणी! “माझ्या बहिणीचंच बघा,” म्हणून तिची उत्तरं तिच्याच हेलात म्हणून दाखवली, वर मार्केटातलं तिचं भांडणही करून दाखवलं. “ही बाई स्वतःला बिनकामाची समजत असेल, पटतं तुम्हाला?” सगळे खो खो हसले. टाळ्या पडल्या. मला लई भारी वाटलं, खोटं कशाला सांगू.

नंतर आम्ही दोघी येळ्ळूरच्या बसची वाट बघत उभ्या होतो. माझी बडबड चालूच होती. मधेच आक्का म्हणाली, “तुझा कागद चुकला न्हवता गं.”

“म्हणजे?”

“मला तसंच वाटतंय. खरंच. मार्केटात वरडते ते भ्या वाटतंय म्हणून. गप बसले तर मला कोण विचारणार न्हाय, असं वाटतंय.”

माझे कान तापले. लाजेनं तिच्याकडं बघवेना. तरी तोंडाची खोड जाते कुठं! तिच्यावरच चिडून विचारलं, “मग मला आधी का न्हाय सांगितलंस?”

“सांगितलं की गं,” आक्का म्हणाली. “तू लिहून बी घेतलंस.”