टुंग टुंग

चिकूचा वास आला म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, आता हा वाडीतल्या झाडांबद्दल गोड गोड लिहिणार. पण मला आठवतो काकाच्या नव्या गाडीचा सीटबेल्ट. बेल्ट लावला नाही की गाडी टुंग टुंग वाजायची, म्हणून काका तो पाठीमागूनच अडकवायचा आणि त्यावर टेकून राजासारखा बसायचा. त्या दिवशी नरपडहून उधव्याला लग्नाला निघालो, काकी पुढे, मी मागे चिकूच्या करंडीशेजारी. काकी म्हणाली, "अहो, नीट लावा ना!" काका म्हणाला, "गाडी गप आहे, तू पण गप." मग मी ओठ न हलवता सुरू केलं, टुंग टुंग. काका चमकला, "लावलाय तरी कोकलते काय ही?" काकी म्हणाली, "गाडीला कळतं, पाठीला बांधलाय ते." काकाने वैतागून बेल्ट छातीवरून घेतला, मी लगेच थांबलो. तलासरीच्या अलीकडे अचानक बकऱ्या आडव्या आल्या. कचकन ब्रेक! करंडी उलटली, चिकू सगळीकडे, माझं नाक पुढच्या सीटवर. काका मात्र जागच्या जागी. पुढे चहा पिऊन परत बसलो, तर त्याचा हात पुन्हा पाठीकडे, म्हणून मी पुन्हा टुंग टुंग. पण गाडी अजून चालूच केली नव्हती. हल्ली गाडीत कुणीही बसलं की गाडीच्या आधी काकाच तोंडाने वाजतो, पण तेव्हा तो सावकाश मागे वळला, माझं सुजलेलं नाक बघितलं आणि स्वतःचा बेल्ट छातीवरून खटकन लावत ओरडला, "गाढवा, मला शिकवतोस, आणि तुझा बेल्ट काय तुझ्या सासऱ्याने लावायचा?"