नोराच्या आजोबांच्या शोधात वेस्ट कोस्टचे तीन दिवस

वेस्ट कोस्टला, म्हणजे इथल्या दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला, जायचं ठरलं ते आमच्या फ्लॅट बुशमधल्या घराच्या कुंपणावरून. पलीकडच्या घरात नोरा राहते, ऐंशीला टेकलेली, एकटी. माझे बाबा नाशिकहून तीन महिन्यांसाठी आले होते आणि दुसऱ्याच दिवशी दोघांची गट्टी जमली. बाबा तिला नोराबाई म्हणतात, ती त्यांना मिस्टर सावंत. बाबांचं इंग्रजी कारखान्यातलं, नोराचा उच्चार अस्सल किवी, मधे दुभाषी मी.

एकदा बाबांनी सहज सांगितलं की ते सातपूरच्या कारखान्यात युनियनचे सरचिटणीस होते. नोरा म्हणाली, माझे आजोबाही युनियनवाले. आयर्लंडचे. युद्धाविरुद्ध बोलले म्हणून तुरुंगात गेले. मग जरा थांबून तिने जोडलं, "आणि माझे वडील दुसऱ्या युद्धावर निघाले तेव्हा त्यांना निरोप द्यायला स्टेशनवरही आले नाहीत."

आजोबा नोराने कधी पाहिलेच नव्हते. ती दहा वर्षांची असताना त्यांच्या मृत्यूची तार आली. वडिलांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि बाहेर जाऊन लॉन कापायला घेतलं. विषय तिथेच संपला. आता तिचा भाऊही वारला होता, आणि आजोबांचं गाव पाहिलेलं घरातलं कुणीच उरलं नव्हतं. बाबा मला म्हणाले, "आपण नेऊया की त्यांना."

लेबर डेचा लाँग वीकेंड होता. नवरा आणि लेक घरी थांबले (लेक म्हणाली, "हॅव फन, आई, टेक हीप्स ऑफ फोटोज"). आम्ही तिघं विमानाने क्राइस्टचर्चला उतरलो आणि गाडी भाड्याने घेतली. कुणी जाणार असेल तर दोन गोष्टी सांगते. पेट्रोल शहरातून निघतानाच भरा, पुढे पंप विरळ आहेत. आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण आर्थर्स पासच्या घाटात रेंज जाते ती बराच वेळ येत नाही. वेस्ट कोस्टवरच्या ग्रेमाउथपर्यंत न थांबता चार तासांच्या आत पोहोचता येतं. आम्हाला सहा लागले. घाटात थांबलो तर एक किआ, म्हणजे तिथला डोंगरी पोपट, गाडीच्या काचेचं रबर उपटायला बसला आणि बाबा त्याला मराठीत समजावत राहिले. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच नेली होती. नोराने चटणी तीनदा मागून घेतली.

वाटेत ती आजोबांबद्दल माहीत होतं तेवढं सांगत होती. नाव ह्यू टायर्नी. (नावं मी बदलली आहेत आणि गावाचं नाव लिहायचं नाही ही नोराची अट आहे. ग्रेमाउथहून अर्ध्या तासावरचं जुनं खाणगाव, एवढं पुरे.) डोनेगलच्या एका लहानशा शेतावर जन्म. लहानपणीच स्कॉटलंडला बटाटे काढायच्या मजुरीला. मग लिव्हरपूलच्या गोदीत हमाली, तिथेच समाजवाद्यांच्या सभांची गोडी लागली. नंतर जहाजाने इथे, कोळशाच्या खाणीत. पहिल्या महायुद्धात सक्तीची लष्करभरती आली तेव्हा कोळशाच्या गाडीवर उभं राहून त्याने भाषण केलं, की आपल्या गावच्या खाणकामगाराने जर्मनीच्या खाणकामगाराला का मारायचं? राजद्रोहाबद्दल वर्षभर तुरुंग झाला. सुटल्यावर कुठलीच खाण त्याला घेईना. तो रस्त्याच्या कामावर गेला आणि बायको ॲनीने खानावळ चालवली.

बाबा मागच्या सीटवरून बारीक बारीक प्रश्न विचारत होते. कामाची पाळी किती तासांची असायची? युनियनमध्ये सगळे होते की निम्मे? बायको काय म्हणायची?

ग्रेमाउथला मोटेलमध्ये राहिलो. खोल्या साध्या, स्वच्छ, स्वयंपाकाची सोय असलेल्या. रात्रभर पाऊस पडला. तिकडे तो पडतोच, रेनकोट हवाच. सकाळी एका छोट्या टपरीवर व्हाइटबेट फ्रिटर खाल्लं. केसासारखे बारीक मासे अंड्यात घालून केलेली धिरडी म्हणा ना. बाबा शाकाहारी, त्यांनी टोस्टवर भागवलं.

खाणगावात मोजकी घरं, एक पब, एक डेरी म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान, आणि खाणकामगारांचा जुना लाकडी हॉल. हॉलच्या मागच्या खोलीत गावाचे कागदपत्र ठेवलेत. शीला नावाच्या निवृत्त शिक्षिका शनिवारी सकाळी दोन तास ती खोली उघडतात, म्हणून आधी फोन करून जा. आमच्या फोनमुळे त्यांनी टायर्नींचं नाव येईल ते सगळं काढून ठेवलं होतं.

आणि हॉलच्या दारात गाडी थांबल्यावर नोरा उतरेना. ती म्हणाली, मी इथेच बसते, तुम्ही बघून या.

मी काही बोलायच्या आत बाबा नोराशेजारी माझ्या रिकाम्या ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. "चालेल. आम्ही वाचून येतो," ते आपल्या इंग्रजीत म्हणाले. "वाईट काही असलं तर सांगणार नाही."

नोराने कोटाची बटणं लावली. "वाईट असलं तर मला तेच ऐकायचंय," ती म्हणाली आणि दार उघडून उतरली.

शीलाबाईंनी आधी चहा दिला, मग हकिकत सांगितली. ह्यूला शेवटी या हॉलचा रखवालदार नेमलं होतं. तोपर्यंत काळ उलटा फिरला होता. त्याच्याबरोबर तुरुंगात बसलेल्यांपैकी काहीजण आता सरकारात होते आणि दुसरं युद्ध येताच त्यांनीच सक्तीची भरती आणली. त्यातला एक जुना सोबती याच हॉलमध्ये भाषणाला आला. ह्यू पहिल्या रांगेत बसला होता. भाषण संपल्यावर त्याने उठून एकच प्रश्न विचारला, तेव्हा चुकलो होतो की आता चुकतोय? पाहुण्याने काय उत्तर दिलं ते गावात कुणालाच आठवत नाही. प्रश्न मात्र सगळ्यांच्या घरात माहीत आहे.

मग शीलाबाईंनी हॉल कमिटीच्या सभांचं जाड पुस्तक समोर ठेवलं. शाई तपकिरी झालेली. खुणेच्या पानावर लष्करात जाणाऱ्या मुलांच्या निरोपाच्या नाचासाठी हॉल द्यावा असा ठराव होता. मुलांच्या यादीत नोराच्या वडिलांचं नाव होतं. नोराने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागली. श्री. टायर्नी यांचा विरोध. आपला विरोध नावानिशी नोंदवावा अशी त्यांची विनंती. ठराव मंजूर.

"हेच ऐकत आले होते मी," नोरा म्हणाली आणि पुस्तक मिटू लागली.

शीलाबाईंनी पानावर हात ठेवला. "खालची ओळ राहिली."

खालच्या ओळीत नाचाची व्यवस्था होती. सॅंडविच कोण करणार, खुर्च्या कोण लावणार. आणि शेवटी, व्हायोलिन: ह्यू टायर्नी.

गावात व्हायोलिन वाजवणारा तो एकटाच होता, शीलाबाई म्हणाल्या. त्यांची आई त्या नाचाला होती. ह्यूने शेवटपर्यंत वाजवलं, मधे चहालाही थांबला नाही, असं ती सांगायची. दुसऱ्या दिवशी तो स्टेशनवर गेला नाही हेही खरं.

नोरा उठून बाहेरच्या मोठ्या हॉलमध्ये गेली आणि स्टेजसमोरच्या लाकडी जमिनीवर जिथे तिचे वडील नाचले असतील तिथे, कोट न काढता, नुसती उभी राहिली. आम्ही दारातच थांबलो. बाहेर आल्यावर तिने फक्त एवढंच विचारलं, "डॅडने हे का नाही सांगितलं?"

दुपारी पाऊस थांबला तसे कबरस्तानात गेलो. ह्यूचा दगड युनियनने बसवलेला, शेवाळाने हिरवा झालेला. नोरा रुमालाने अक्षरं पुसत बसली. बाबांनी सवयीने बूट-मोजे काढले आणि सँडफ्लाय नावाच्या तिथल्या चिलटांनी त्यांचे पाय फोडून काढले. मलम न्या, हा माझा कळकळीचा सल्ला. युद्धात मेलेल्यांचा स्तंभही तिथून जवळच आहे. तो वाचून बाबा हळूच म्हणाले की यातली निम्मी पोरं ह्यूच्याच युनियनवाल्यांच्या घरची असणार. हॉल द्यायला नाही म्हणणं सोपं नसेल. आणि वाजवणंही.

रविवारी परत निघालो. घाटातल्या ओटिराच्या उंच पुलावर नोरा एक धून गुणगुणत होती. कुठली म्हणून विचारलं तर म्हणाली, डॅड भांडी घासताना गुणगुणायचे, नाव माहीत नाही.

घरी येऊन आता दोन आठवडे झाले. कुणी विचारलं तर सांगेन, ग्लेशियर बघायला जाताना एक दिवस या खाणगावांसाठी काढा. देखावे आहेतच, पण माझ्या मनात राहिलं ते हॉलच्या पुस्तकातलं पान. आणि एक चुटपुट. परक्या माणसाचं तरुणपण मी तीन दिवस खोदत होते आणि मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला मी आजवर काही विचारलंच नव्हतं. म्हणून काल चहा घेताना विचारलं. मी दुसरीत असताना तुम्ही कंपनीच्या ट्रेनिंगला महिनाभर पुण्याला गेला होतात, तेव्हाच तुमचा तो मोठा संप झाला होता ना? मग तुम्ही तिथे नव्हतातच?

बाबांनी कप खाली ठेवला.

"पुण्यालाच होतो," ते म्हणाले. "येरवड्याला. नाशिकरोडचा तुरुंग भरला होता."

आईने मला ट्रेनिंग सांगितलं होतं आणि मी ते पस्तीस वर्षं धरून बसले होते. मी हे सगळं लिहायला उघडलेला लॅपटॉप बंद केला, बाबांच्या कपात चहा ओतला आणि म्हटलं, पहिल्या दिवसापासून सांगा.