कावळ्यासमोर दिलेला शब्द

बायको चैत्रात गेली. नातीचं उन्हाळी शिबिर त्यानंतर मे महिन्यात होतं. विद्यापीठ गावोगावच्या शाळांतल्या पोरांना आपल्याकडं राहायला ठेवतं, कॉम्प्युटर शिकवतं, चाकावर चालणारी यंत्रं जोडायला देतं. आमच्या शाळेला एकच जागा, ती माझ्या नातीला मिळाली. तिच्या मागचा नंबर माझ्या धाकट्या भावाच्या नातवाचा; ती गेली नाही तर जागा त्याची.

बायको शेवटपर्यंत शुद्धीवर होती. म्हणाली, "मी गेले तर सुतकाचं नाव सांगून पोरीला घरी बसवतील. बसवू देऊ नका." जन्मभर तिनं मिठागरात पाट्या वाहिल्या, मिठाच्या लखलखाटानं डोळे अधू झाले. पोरीनं सावलीत बसून काम करावं, एवढंच तिचं मागणं.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला. कावळे झाडावरून खाली येईनात. ज्याला जे सुचेल ते तो कबूल करू लागला. घर सांभाळू, म्हाताऱ्याला बघू. कावळा हलेना. मग भाऊ पुढं झाला, हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "वहिनी, आपल्या घरातलं एकही पोर त्या शिबिराला जाणार नाय. माझा शब्द हाय."

मेल्या कावळ्यानं नेमकी तेव्हाच चोच मारली.

सगळी भावकी माझ्याकडं बघायला लागली. कावळा भुकेला होता म्हणून आला, पण तिथं हे कुणाला सांगता? शिबिराच्या दिवशी मात्र पोरीला स्वतः नेऊन सोडलं.

भाऊ दारात येऊन ओरडला, "दादा, वहिनीचा आत्मा भटकंल!"

"शब्द तू दिलास. मी नाय."

पुढं शिबिराची दुसरी तुकडी निघाली आणि भावाच्या नातवालाही बोलावणं आलं. त्यांच्याकडं नवी बॅग आली, पेढे वाटले. मी वाटच बघत होतो. भावकीतले जाणते घेऊन त्याच्या अंगणात उभा राहिलो.

"कावळ्यासमोर काय म्हणालास?"

"दादा, ते तुझ्या पोरीपुरतं..."

"एकही पोर, म्हणालास. सगळ्यांनी ऐकलंय. मोड आता शब्द. मग तुझ्या दहाव्याला कावळा कसा येतो ते बघू."

जाणत्यांनी माना हलवल्या. पोरगा गेला नाही. आतून त्याचं रडणं येत होतं. मी हललो नाही, सगळं ऐकलं.

नात परतली, तिला हे कळलं. माझ्याशी बोलेना. शेवटी म्हणाली, "आजोबा, त्यानं काय केलं होतं?"

"त्यानं नाय. त्याच्या आजोबानं."

आता ती संध्याकाळी त्यांच्या ओटीवर बसून त्याला शिकवते. शिकवू दे. मी तिकडं फिरकत नाही.

परवा भाऊ बांधावर आडवा आला. "दादा, पुढल्या वर्षी दोघांना पाठवू. मिटव की आता."

मी म्हणालो, "ती मेल्यावर तिच्या तोंडी तू तुझं घातलंस. तिला उलट बोलता येत नव्हतं, म्हणून घातलंस. मिटलं असं ती येऊन सांगू दे, मग मिटलं."

मी त्याला वळसा घालून घरी आलो, चूल पेटवली.